पायथॉनचे डेकोरेटर जावास्क्रिप्टमध्ये आणायचे तर साध्या फंक्शनचं काय करायचं?

रानजाई

नमस्कार मंडळी,

आमच्या टीमनं पायथॉनमधली एक सर्व्हिस नोडवर (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारं साधन) हलवायला घेतली आहे. भाषा टाइपस्क्रिप्ट ठरली, म्हणजे टाइप तपासणारी जावास्क्रिप्टच. जुन्या कोडमध्ये पानोपानी डेकोरेटर आहेत, म्हणजे फंक्शनच्या डोक्यावर @ लावून त्याला जास्तीचं काम जोडणाऱ्या ओळी: वेळ मोजणारा, लॉग लिहिणारा, नेटवर्क कॉल फसला तर पुन्हा प्रयत्न करणारा, परवानगी तपासणारा, शिवाय आधी काढलेली उत्तरं साठवणारा, पायथॉनचा तयार एलआरयू कॅशे. आणि ही सगळी फंक्शन्स सुटी आहेत, क्लासमधली नाहीत.

टाइपस्क्रिप्टमध्ये सुट्या फंक्शनच्या डोक्यावर @ ठेवला की कंपायलर सांगतो, डेकोरेटर इथे चालत नाही. तेच फंक्शन क्लासमध्ये मेथड म्हणून टाकलं तर मुकाट चालतं. माझे प्रश्न दोन. साध्या फंक्शनवर बंदी का? आणि यातून वाट काढायची तर फंक्शन हातानं दुसऱ्या फंक्शनमध्ये गुंडाळावं, की सगळं उचलून क्लासमध्ये कोंबावं?

माझं मत आहे की एका चिन्हासाठी कोडचा आकार बदलू नये. टीममध्ये निम्मे लोक उलट बाजूला आहेत. अनुभवी मंडळींनी लिहावं.

पाऊलवाट

वाखू (वाचनखूण) साठवली. आमच्याकडेही हाच वाद चालू आहे.

गोदाकाठ

आधी पायथॉनमध्ये @ नेमकं काय करतो ते मांडतो, म्हणजे दुसरीकडे काय न्यायचं ते आपोआप स्पष्ट होईल.

हे चिन्ह पायथॉन २.४ मध्ये आलं, नोव्हेंबर २००४ ला. त्याआधीही लोक फंक्शन गुंडाळतच होते. स्टॅटिकमेथड आणि क्लासमेथड २.२ पासून होत्या. फक्त गुंडाळण्याची ओळ फंक्शन संपल्यावर खाली लिहावी लागे:

हिशोब = वेळमोज(हिशोब)

फंक्शन पन्नास ओळींचं असेल तर वाचणाऱ्याला शेवटी पोचल्यावर कळायचं की हे स्टॅटिक होतं. नावही तीनदा लिहावं लागायचं. पीईपी ३१८ चं, म्हणजे हे चिन्ह सुचवणाऱ्या पायथॉनच्या प्रस्तावाचं, सगळं म्हणणं एवढंच होतं की ही माहिती फंक्शनच्या वर, पहिल्या नजरेत दिसावी. चिन्ह कोणतं घ्यावं यावर मात्र तेव्हा प्रचंड चर्चा झाली होती.

म्हणजे @ ही वेगळी शक्ती नाही. फंक्शन घेणारं आणि फंक्शन परत देणारं एक फंक्शन, आणि मग त्याच नावावर नवी नेमणूक. ज्या भाषेत फंक्शन व्हेरिएबलमध्ये ठेवता येतं तिथे हे सगळं आजही करता येतं. जावास्क्रिप्टमध्ये तर येतंच. वरची ओळ देवनागरी नावांसकट पायथॉन ३ आणि जावास्क्रिप्ट दोन्हीकडे जशीच्या तशी चालते, करून बघा.

रानजाई

गोदाकाठ, करून बघितली. जावास्क्रिप्टमध्ये चालली, टाइपस्क्रिप्टनं अडवली. फंक्शनच्या नावावर पुन्हा नेमणूक करता येत नाही म्हणाला.

गोदाकाठ

हो, टाइपस्क्रिप्ट ते मुद्दाम अडवतं. तिथे पहिल्यापासूनच कॉन्स्ट (पुन्हा नेमणूक न होणारं नाव) करायचं: कॉन्स्ट हिशोब बरोबर वेळमोज, आणि कंसात फंक्शन. गुंडाळणारं नाव पहिल्याच ओळीत येतं, त्यामुळे पीईपी ३१८ मधली अडचण इथे उरतच नाही. अनेक डेकोरेटर असतील तर पायथॉनमध्ये वरून खाली जो क्रम, तोच इथे डावीकडून उजवीकडे. सगळ्यात वरचा तो सगळ्यात बाहेरचा.

चौथा_मजला

"बंदी का" याचं उत्तर हॉइस्टिंग.

जावास्क्रिप्टमध्ये फंक्शन डिक्लेरेशन फाइलच्या तळाशी असलं तरी पहिल्या ओळीपासून वापरता येतं. इंजिन फाइल चालवायला लागण्यापूर्वीच ते उचलून वर ठेवतं. आता त्यावर @वेळमोज लावला असं समजा, आणि वेळमोज हा स्वतः कॉन्स्ट आहे. फंक्शन वर उचललं जाईल तेव्हा वेळमोजला किंमतच मिळालेली नसेल. मग काय करायचं? डेकोरेटर लावलेलं फंक्शन उचलायचं नाही असं ठरवलं, तर एक @ लावल्यामुळे आधी चालणारा कोड मोडतो. उचलायचं पण गुंडाळायचं नंतर असं ठरवलं, तर ओळ १० वर न गुंडाळलेलं फंक्शन चालतं आणि ओळ ९० नंतर गुंडाळलेलं. परवानगी तपासणाऱ्या डेकोरेटरच्या बाबतीत हे किती भयानक ठरेल बघा.

क्लासला हा त्रास नाही, कारण क्लास डिक्लेरेशन त्याच्या ओळीवर पोचल्याशिवाय वापरताच येत नाही. म्हणून जावास्क्रिप्टचे नियम ठरवणाऱ्या टीसी३९ समितीचा जो प्रस्ताव मार्च २०२२ मध्ये तिसऱ्या टप्प्यात गेला त्यात क्लास, मेथड, फील्ड, गेटर-सेटर आणि ॲक्सेसर एवढेच आहेत. सुटी फंक्शन्स बाहेर ठेवली. मला हा निर्णय पटतो.

पायथॉनमध्ये हा प्रश्नच नाही, कारण तिथे डेफ ही वरून खाली चालणारी साधी आज्ञा आहे. त्या ओळीवर पोचेपर्यंत ते नाव जगात नसतं.

रानजाई

हे कारण इतकं नीट कुठेच वाचलं नव्हतं. मनापासून धन्यवाद.

देवराई_२२

मी दुसऱ्या बाजूनं बोलतो. क्लासमध्ये टाका. आम्ही नेस्ट या नोडच्या फ्रेमवर्कवर काम करतो, तिथे राऊट, परवानगी, इनपुटची तपासणी सगळं डेकोरेटरनं होतं. नवा माणूस कंट्रोलर उघडतो आणि वरच्या चार ओळींत त्याला कळतं की हा पत्ता कोणता, कोणाला मुभा, काय येतं, काय जातं. गुंडाळलेल्या कॉन्स्टच्या कंसात कंस उघडले की ही वाचनीयता जाते.

फक्त एक धोक्याची सूचना. टाइपस्क्रिप्टमध्ये डेकोरेटरच्या दोन वेगळ्या पद्धती आहेत. जुनी २०१५ पासूनची, एक्सपेरिमेंटल असं नाव असलेला पर्याय चालू केला की मिळते. नवी टाइपस्क्रिप्ट ५.० पासून, मार्च २०२३, समितीच्या प्रस्तावाप्रमाणे. दोन्हींत डेकोरेटरला मिळणारे आर्ग्युमेंट वेगळे. जुन्याला टार्गेट, नाव आणि डिस्क्रिप्टर मिळतात. नव्याला मूळ मेथड आणि एक कॉन्टेक्स्ट मिळतो. पॅरामीटरवर लावायचे डेकोरेटर फक्त जुन्यात आहेत, आणि नेस्ट जुन्यावर उभं आहे. नेटवर सापडलेला कोड चिकटवण्याआधी तो कोणत्या पद्धतीचा आहे ते बघाच.

चौथा_मजला

देवराई, नेस्टमध्ये ते शोभतं कारण फ्रेमवर्कच क्लासभोवती उभं आहे. रानजाई यांच्याकडे सुटी फंक्शन्स आहेत. ज्यात स्वतःची काही स्थिती नाही असा क्लास फक्त @ मिळावा म्हणून बांधला, की वाचणारा उगाच ती स्थिती शोधत बसतो. शिवाय मेथड सुटी करून दुसरीकडे कॉलबॅक म्हणून दिली की धिस, म्हणजे मेथड ज्या ऑब्जेक्टची आहे तो, हरवतो, ती वेगळीच डोकेदुखी.

देवराई_२२

धिस हरवतो हे मान्य. पण नव्या पद्धतीत कॉन्टेक्स्टवर ॲड-इनिशियलायझर आहे, त्यातून ऑब्जेक्ट तयार होतानाच मेथड बांधून टाकता येते. एकदा लिहा आणि विसरा. वाचनीयतेचा माझा मुद्दा मी सोडत नाही.

कातळशिल्प

धिस निघालाच आहे तर सांगते. गुंडाळणारं आतलं फंक्शन ॲरो लिहू नका. ॲरोला स्वतःचा धिस नसतो, म्हणून मेथड गुंडाळली की आत चुकीचा ऑब्जेक्ट पोचतो. साधं फंक्शन लिहा आणि मूळ फंक्शन अप्लायनं बोलवा. सुट्या फंक्शनला याचा तोटा काही नाही.

आणि गुंडाळलेल्या फंक्शनची ओळख जपा. पायथॉनमध्ये फंकटूल्समधला रॅप्स नाव, डॉकस्ट्रिंग वगैरे उचलून नव्या फंक्शनला देतो. तो विसरला तर फ्लास्क या पायथॉनच्या वेब फ्रेमवर्कमध्ये लगेच ठेच लागते: दोन व्ह्यू गुंडाळले की दोघांचंही नाव रॅपर होतं आणि फ्लास्क म्हणतो, या नावाचा एंडपॉइंट आधीच नोंदलेला आहे. तिथे निदान ओरडून सांगतो. जावास्क्रिप्टमध्ये हीच गोष्ट गुपचूप बिघडते.

एक्सप्रेस या नोडच्या वेब फ्रेमवर्कमधली एरर हाताळणारी फंक्शन्स बघा. चार पॅरामीटर असले की एक्सप्रेस त्याला एरर-हँडलर समजतं, आणि ते ओळखतं फंक्शनच्या लेंग्थवरून, म्हणजे पॅरामीटरच्या संख्येवरून. तुम्ही ते लॉग लिहिणाऱ्या रॅपरमध्ये (गुंडाळणाऱ्या फंक्शनमध्ये) घातलंत आणि रॅपरनं तीन टिंबं लावून सगळे आर्ग्युमेंट गोळा केले, की लेंग्थ शून्य. एक्सप्रेस त्याला साधा मिडलवेअर, म्हणजे रिक्वेस्ट वाटेत हाताळणारं फंक्शन, समजतं. एरर त्याच्याकडे येतच नाही, आणि साधी रिक्वेस्ट आली की पहिल्या पॅरामीटरमध्ये, जिथे एरर असायला हवी, तिथे रिक्वेस्टचा ऑब्जेक्ट येऊन बसतो. कंपायलर गप्प, टेस्ट बहुतेक गप्प. टेस्ट चालवणाऱ्या मोकामध्येही टेस्ट कॉलबॅकची वाट बघते का, हे लेंग्थवरूनच ठरतं.

म्हणून पायथॉनच्या रॅप्सचं भावंड पहिल्या दिवशी लिहा. डिफाइन-प्रॉपर्टीनं नाव आणि लेंग्थ दोन्ही मूळ फंक्शनवरून घ्या. इएस २०१५ पासून दोन्ही बदलता येतात. सहा ओळींचं काम आहे, आणि बाकीचे सगळे रॅपर त्यातूनच गेले पाहिजेत असा नियम करा.

पाऊलवाट

एक्सप्रेसचं उदाहरण वाचून आत्ताच आमचा कोड उघडला आहे. रात्रीचे अकरा वाजलेत.

जुना_जावेकर

जावातून येणाऱ्यांसाठी लिहितो, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथे आहे. जावाचं ॲनोटेशन दिसायला पायथॉनच्या डेकोरेटरसारखं. तेही २००४ मध्येच, जावा ५ बरोबर आलं. पण ते स्वतः काही करत नाही. ती फक्त नोंद. कोणीतरी ती वाचावी लागते: कंपाइल होताना प्रोसेसरनं, किंवा चालताना रिफ्लेक्शननं. सी शार्पचे ॲट्रिब्यूट तसेच, पीएचपी ८.० मध्ये आलेलेही तसेच.

स्प्रिंग या जावाच्या फ्रेमवर्कमध्ये कॅशेची नोंद मेथडवर लावली की स्प्रिंग त्या ऑब्जेक्टपुढे एक प्रॉक्सी (मधला प्रतिनिधी) उभा करतं. बाहेरून आलेला कॉल प्रॉक्सीतून जातो, म्हणून कॅशे चालतो. त्याच क्लासमधल्या दुसऱ्या मेथडनं तिला बोलावलं तर कॉल थेट जातो आणि कॅशे, ट्रान्झॅक्शन, काहीही लागत नाही. पायथॉनमध्ये असं होत नाही, कारण तिथे खुद्द नावच बदललेलं असतं. आतून या, बाहेरून या, गुंडाळलेलंच मिळतं.

कातळशिल्प

जुना जावेकर, अगदी! आणि जावास्क्रिप्टमध्ये नाव बदललं जातं की नाही हे तुम्ही फंक्शन कसं लिहिता त्यावर ठरतं. फिबोनाचीचं उदाहरण घ्या. कॉन्स्ट फिब बरोबर मेमो (उत्तरं साठवणारा रॅपर), कंसात "फंक्शन फिब" असं नाव असलेलं फंक्शन, आणि ते आत स्वतःलाच बोलावतं. ते आतलं फिब कोणतं? नाव दिलेल्या फंक्शन एक्स्प्रेशनला स्वतःचं नाव आत दिसतं, आणि ते नाव मूळ, न गुंडाळलेल्या फंक्शनचं असतं. म्हणजे बाहेरचा एकच कॉल कॅशेत जातो, आतले सगळे थेट. फिब ४० ला ३३,११,६०,२८१ कॉल होतात. त्याच ठिकाणी ॲरो किंवा बिननावाचं फंक्शन लिहिलं तर आतलं फिब बाहेरच्या कॉन्स्टकडे जातं आणि ० ते ४० अशा ४१ किमतींवर काम भागतं. उत्तर दोन्हीकडे बरोबर येतं, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही.

गोदाकाठ

कातळशिल्प, हे सुंदर आहे. पायथॉनमध्ये डेफच्या आतलं नाव मॉड्यूलमधून शोधलं जातं, म्हणून एलआरयू कॅशे लावताच रिकर्शन सुधारतं. सवय लागलेला माणूस इकडेही तेच गृहीत धरणार.

टेकडीवरून

गो ही भाषा वापरणारे कोणी? आमच्याकडे @ नाही, आणि मला त्याची उणीव कधी भासली नाही. एचटीटीपी हँडलर घेणारं आणि हँडलर परत देणारं फंक्शन म्हणजे मिडलवेअर, सगळा गो-समाज तेवढ्यावर चालतो. अडचण येते ती टाइपांची: प्रत्येक सहीचं, म्हणजे कसलेही आर्ग्युमेंट असलेलं, फंक्शन घेणारा एकच रॅपर लिहिता येत नाही. १.१८ मध्ये जेनेरिक्स आले तरी आर्ग्युमेंटची संख्या मोकळी ठेवता येत नाही. आणि कातळशिल्प यांचं फिब गोमध्ये पॅकेजच्या पातळीवर एका ओळीत लिहिलं तर कंपायलर इनिशियलायझेशनचं चक्र झालं म्हणून थांबवतो. आधी व्हेरिएबल जाहीर करायचं आणि इनिटमध्ये किंमत द्यायची.

सांजपाखरू

अवांतर: रूबीत २.१ पासून डेफ हे फंक्शनच्या नावाचं सिम्बॉल परत देतं. त्यामुळे "मेमोआइझ डेफ फिब" अशी ओळ सरळ लिहिता येते. @ नको, कंस नकोत. सगळ्यात देखणा तोडगा रूबीचा.

परदेशी_पाखरू

माझं काम आर ही भाषा आणि पायथॉन यांच्या मध्ये आहे, त्यामुळे मी शब्दशः पायथॉनचाच डेकोरेटर दुसऱ्या भाषेतल्या फंक्शनला लावते. रेटिक्युलेट पॅकेज आरचं फंक्शन पायथॉनला बोलावता येईल असं करून देतं. मग डेकोरेटर म्हणजे साधा फंक्शन कॉल, तो लावता येतो. पण डेकोरेटर जर आत फंक्शनची सही तपासत असेल, म्हणजे पॅरामीटरची नावं वगैरे, तर तिथे अडतं. त्यासाठी रेटिक्युलेटमध्ये पाय-फंक नावाचं वेगळं साधन दिलं आहे. ते आरच्या फंक्शनची सही जशीच्या तशी पायथॉनला दाखवतं.

मात्र नंबा या पायथॉन पॅकेजचा जिट असा लावून काही मिळत नाही. त्याला पायथॉनचा बाइटकोड वाचून त्याचं मशीन कोडमध्ये रूपांतर करायचं असतं. आरचं गणित त्या बाइटकोडमध्ये नसतंच, तिथे फक्त आरला मारलेली हाक असते. म्हणून मी डेकोरेटरकडे बघताना पहिला प्रश्न हा विचारते: हा फंक्शनला बाहेरून फक्त बोलावतो, की त्याची सही वाचतो, की आत शिरून कोड वाचतो? पहिले कुठेही नेता येतात. दुसऱ्यांना मदत लागते. तिसरे त्यांच्या भाषेतच राहतात. जूलिया भाषेत @ दिसला तर तो मॅक्रो असतो, तो या तिसऱ्या जातीचा, कोड चालण्याआधीच हातात घेतो.

चौथा_मजला

परदेशी पाखरू, हे वर्गीकरण सोबत ठेवणार. आमच्या सगळ्या जुन्या डेकोरेटरना हाच प्रश्न विचारून बघतो.

रानजाई

मंडळी, भरभरून मिळालं. वेळ, लॉग, रिट्राय, परवानगी, कॅशे हे पाचही पहिल्या जातीचे, म्हणजे नेता येण्यासारखे आहेत. टीमला हे दाखवलं. ठरलं असं: सुटी फंक्शन्स सुटीच राहतील, कॉन्स्ट आणि गुंडाळणी. कातळशिल्प यांचा नाव-लेंग्थवाला नियम पहिला. देवराई, एका भागात पुढेमागे नेस्ट येणार आहे, तिथे तुमचं ऐकू.

आता एक शिल्लक शंका. आमची जवळजवळ सगळी फंक्शन्स इकडे असिंक, म्हणजे निकाल नंतर देणारी, होणार. एलआरयू कॅशेचं काय?

कातळशिल्प

हाच सगळ्यात मोठा फरक, बरं झालं विचारलंत.

पायथॉनमध्ये असिंक फंक्शनला एलआरयू कॅशे लावला तर कॅशेत निकाल नाही, कोरुटीन (चालवायचं बाकी असलेलं काम) जातं. ते एकदाच अवेट करता येतं, म्हणजे वाट बघून त्याचा निकाल एकदाच घेता येतो, दुसऱ्या वेळी रनटाइम एरर. जावास्क्रिप्टमध्ये कॅशेत प्रॉमिस (पुढे येणाऱ्या निकालाची पावती) जातं, आणि प्रॉमिस कितीही वेळा अवेट करता येतं. फायदाही आहे: एकाच किल्लीसाठी पन्नास जण एकदम आले तर नेटवर्कवर एकच कॉल जातो, बाकीचे त्याच प्रॉमिसची वाट बघतात.

पण प्रॉमिस फसलं तर ते फसलेलंच कॅशेत राहतं. पायथॉनचा एलआरयू कॅशे एक्सेप्शन कधीच साठवत नाही, म्हणून तिकडे हा विचार करावा लागला नाही. इकडे फसलेलं प्रॉमिस कॅशेतून काढून टाकणं तुम्हाला स्वतः लिहावं लागेल.

किल्लीचंही बघा. पायथॉन आर्ग्युमेंट हॅश करतो, लिस्ट दिली तर सरळ नकार देतो. जावास्क्रिप्टचा मॅप ऑब्जेक्ट कोणता एवढंच बघतो, आतलं नाही. म्हणून लोक जेसनची स्ट्रिंग करतात. त्यात अनडिफाइन्ड असलेली किल्ली गळते, नॅनचं नल होतं, मॅपचा रिकामा ऑब्जेक्ट होतो. दोन वेगळे प्रश्न एकच किल्ली घेऊन आले की दुसऱ्याला पहिल्याचं उत्तर मिळतं. किल्ली बनवणारं फंक्शन प्रत्येक ठिकाणी वेगळं द्यायची सोय ठेवा.

देवराई_२२

रिट्रायसाठी एक भर. रॅपरमध्ये ट्राय-कॅच लिहिला आणि मूळ फंक्शनपुढे अवेट लिहायचं राहिलं, तर कॅच रिकामाच बसतो. प्रॉमिस हातात देऊन रॅपर केव्हाच बाहेर पडलेला असतो. वेळ मोजणाराही तसाच, सगळीकडे शून्य मिलिसेकंद दाखवतो.

रानजाई

मग क्रम? जुन्या कोडमध्ये काही ठिकाणी रिट्राय वर आहे, काही ठिकाणी कॅशे वर. पायथॉनमध्ये दोन्ही चालत होतं.

चौथा_मजला

पायथॉनमध्ये चाललं ते एक्सेप्शन साठत नाही म्हणून. इकडे रिट्राय बाहेर आणि कॅशे आत ठेवलात, आणि कॅशेनं फसलेलं प्रॉमिस धरून ठेवलं, तर पुढचे सगळे प्रयत्न त्याच मेलेल्या प्रॉमिसवर. नेटवर्कवर काहीच जात नाही आणि लॉगमध्ये तीनदा प्रयत्न केल्याचं दिसतं. कॅशे बाहेर, रिट्राय आत. म्हणजे सगळे प्रयत्न संपल्यावरचा निकालच साठतो. फसलेलं काढून टाकायचं ते तरीही लिहाच.

जुना_जावेकर

आणि परवानगी त्या दोघांच्याही बाहेर. ती कॅशेच्या आत गेली आणि किल्लीत वापरकर्ता नसेल, तर अधिकार असलेल्यानं आणलेलं उत्तर नंतर येणाऱ्या कोणालाही न विचारता मिळतं. फ्लास्कमध्येही हेच पथ्य आहे. राऊट सगळ्यात वर हवा. लॉगिन तपासणारा डेकोरेटर राऊटच्या वर ठेवला तर राऊटमध्ये न तपासलेलं फंक्शन नोंदलं जातं आणि दार उघडं राहतं.

रानजाई

म्हणजे परवानगी, कॅशे, रिट्राय, मग मूळ फंक्शन. आमच्या जुन्या फाइल्समध्ये परवानगी आत असलेल्या जागा आधी शोधते, स्थलांतर थांबलं तरी चालेल. लॉग कुठे ठेवता तुम्ही?

टेकडीवरून

दोन ठेवा. एक परवानगीच्याही बाहेर, कोण आलं आणि काय घेऊन गेलं ते नोंदायला. दुसरा रिट्रायच्या आत, म्हणजे प्रत्येक प्रयत्न वेगळा दिसेल. दोन्हींना एकच रिक्वेस्ट-क्रमांक द्या, जुळवायला सोपं जातं.